बदल केलेल्या भागाच्या ड्रॉइंगमध्ये काढलेला धातू कसा दाखवावा

बेळगावजवळच्या उद्यमबाग किंवा मच्छे येथील कारखान्यांत तयार भागच थोडा कापून दुसऱ्या कामासाठी वापरण्याची वेळ नेहमीच येते. अशा वेळी मशीनवर उभ्या असलेल्या कामगाराला केवळ शेवटचा आकार कळून भागत नाही. हातातल्या जॉबमधून (कामाच्या भागातून) नेमका कोणता धातू जायचा आहे, हेही एका नजरेत दिसले पाहिजे. बेळगाव परिसरात एकाच मशीनवर एका पाळीत मराठी वाचणारा आणि दुसऱ्या पाळीत कन्नड वाचणारा कामगार असू शकतो, तर ड्रॉइंगवरील टीप बहुधा इंग्रजीत असते. म्हणून ही माहिती टिपेवर न सोडता रेषेनेच द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठीची रेषा ठरलेली आहे. तांत्रिक ड्रॉइंगच्या आयएसओ १२८ या आंतरराष्ट्रीय मानकात आकार देण्यापूर्वीची मूळ बाह्यरेषा दाखवण्यासाठी लांब तुकडा आणि दोन ठिपके अशी बारीक रेषा सांगितली आहे. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिलाच फँटम लाइन म्हणतात. उरणाऱ्या भागाची रेषा ०.५ मिमी जाड ठेवली, तर फँटम रेषा ०.२५ मिमी ठेवावी.

समजा, १२० मिमी व्यासाच्या बिडाच्या फ्लँजला (पाइप जोडण्याच्या चकतीसारख्या कडेला) शेजारच्या पाइपसाठी जागा करून देण्याकरिता एका बाजूने सपाट कापायचे आहे आणि सपाट बाजू केंद्रापासून ५४ मिमी अंतरावर हवी आहे. सपाट कड जाड रेषेने काढावी आणि तिच्याबाहेर गेलेला वर्तुळाचा कंस फँटम रेषेने पूर्ण करावा. बाजूच्या दृश्यात मूळ कड ६ मिमी बाहेर, त्याच रेषेने दाखवावी. कामाचे माप ५४ हेच द्यावे. सपाटीची रुंदी ५२.३ मिमी आपोआप येते, म्हणून ती द्यायचीच असेल तर (५२.३) अशी कंसचिन्हांत द्यावी, कारण दोन्ही मापे सारख्याच अधिकाराने दिली की तपासणीच्या टेबलावर वाद ठरलेला.

ऑटोकॅडमध्ये येथेच एक अडचण येते. मेट्रिक फाइलमधील फँटम रेषेचा एकदा पूर्ण होणारा नमुना ६३.५ मिमीचा असतो आणि आपला कंस सुमारे ५४ मिमीचाच आहे. त्यामुळे एलटीस्केल, म्हणजे सर्व रेषांच्या नमुन्यांचे एकत्रित प्रमाण, १ असेल तर तो कंस अखंड रेषेसारखा दिसतो आणि धातू तेथेच असल्याचा समज होतो. अख्ख्या ड्रॉइंगचे एलटीस्केल न बदलता त्या कंसाच्या प्रॉपर्टीजमध्ये लाइनटाइप स्केल ०.२५ करावे.

सॉलिडवर्क्स या त्रिमितीय कॅड सॉफ्टवेअरमध्ये मूळ आणि कापलेला अशी एकाच भागाची दोन कॉन्फिगरेशन्स (रूपे) करून ती एका असेंब्लीत एकमेकांवर तंतोतंत बसवावीत, आणि ड्रॉइंगमध्ये मूळ भागाला कॉम्पोनंट लाइन फाँटमधून फँटम रेषा द्यावी. जेथे दोन्हींच्या कडा एकावर एक येतात, तेथे मूळ भागाच्या कडा लपवाव्यात.

काढलेल्या भागात हॅचिंग (तिरप्या समांतर रेषा) करण्याचा मोह टाळावा. छेददृश्यात हॅचिंगचा अर्थ कापलेला घन धातू असा असतो, त्यामुळे जायचा धातू उरायचा वाटतो. राखाडी रंग भरणेही बेभरवशाचे, कारण झेरॉक्सवर तो नाहीसा होतो. १२ मिमीचे भोक १६ मिमी करायचे असेल, तर जुने वर्तुळ दाखवू नये. ते नव्या भोकाच्या पोकळीत येऊन गोंधळच वाढवते. तेथे माप पुरेसे आहे.

मूळ भागाचा क्रमांक टायटल ब्लॉकजवळ (ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीजवळ) अवश्य लिहावा आणि बदललेल्या भागाला स्वतंत्र क्रमांक द्यावा, नाहीतर दोन्ही भाग स्टोअरमध्ये एकाच रॅकवर जातात. फँटम रेषांसाठी कॅड फाइलमध्ये वेगळा लेअर (थर) ठेवावा. लेझर किंवा प्लाझ्मा कटिंगसाठी डीएक्सएफ (कॅड ड्रॉइंग देवाणघेवाणीची फाइल) पाठवताना तो लेअर नुसता फ्रीझ न करता, म्हणजे पडद्यावर लपवून न ठेवता, त्यातील रेषा त्या प्रतीतून काढूनच टाकाव्यात, कारण फ्रीझ केलेल्या रेषा फाइलबरोबर जातात आणि समोरच्या सॉफ्टवेअरने त्या वाचल्या तर मशीन त्यांवरूनही कापते.