डिझेल ऑटोमॅटिक घाटात अडखळते? गिअर आधीच उतरवा
आंबा घाटात पुढे भरलेला ट्रक रांगतोय. वळण संपलं, समोर रस्ता मोकळा दिसला म्हणून पाय दाबला, तर गाडी सेकंदभर नुसतीच घुमत राहिली. हा बिघाड नाही. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा; तो एक्झॉस्टच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, आणि बऱ्याच डिझेल इंजिनांत आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १५०० च्या खाली असला की तो जोरच तोकडा पडतो. त्यात गिअरबॉक्स मायलेजपायी वरचा गिअर धरून बसलेला. आधी गिअर उतरणार, मग टर्बो भरणार.

म्हणून ट्रकच्या मागे असतानाच मॅन्युअल मोडमध्ये एखादा गिअर उतरवा. काटा २००० च्या आसपास आला की टर्बो तयार असतो. मग ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत न्या. एकदम तळाला टेकवलात तर बरेच गिअरबॉक्स आणखी गिअर पाडतात आणि नेमका तिथेच क्षण जातो. स्पोर्ट मोडनेही भागतं, पण घाटात मला तो जरा उतावळा वाटतो. पुढे गेल्यावर लिव्हर परत 'डी'वर आणा. मी दोनदा विसरलो, इंजिन साखरप्यापर्यंत बोंबलत होतं.