दोन दिवसांत हिमालय बघायचाय? मग शिमला सोडा, बडोग-कसौली करा

दिल्लीकडे नोकरीला आल्यापासून दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याहून नाहीतर मुंबईहून कोणाचा तरी फोन येतोच, की अरे शुक्रवारी दिल्लीत मीटिंग आहे, शनिवार-रविवार मोकळा आहे, हिमालय बघून येऊ का, मनाली होईल का? तर मनाली होत नाही. दिल्लीपासून पाचशे किलोमीटरच्या वर आहे, जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस, मध्ये फक्त झोप. शिमलासुद्धा दोन दिवसांत ओढूनताणूनच होतं. मी पहिल्या वर्षी जूनमध्ये गाडी काढून शिमल्याला गेलो होतो, शनिवारी पहाटे चारला निघालो आणि शिमल्याच्या अलीकडे शोघीच्या पुढे जो जाम लागला तो संध्याकाळपर्यंत, बायको आणि मुलगी मागे झोपलेल्या, मी समोरच्या गाडीचे लाल दिवे बघत बसलेलो, आणि रविवारी सकाळी चहा पिऊन परत. डोंगर बघितलाच नाही. तेव्हापासून ठरवलं की दोन दिवस असतील तर पहिल्या रांगेच्या पुढे जायचं नाही. आणि ही पहिली रांग काही कमी नाहीये, डोंगराच्या पायथ्याचं कालका ६५६ मीटरवर आहे आणि तिथून तास-दीड तासात तुम्ही कसौलीला अठराशे मीटरच्या वर पोचता, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही (१६४६ मीटर) वर.

आता प्लॅन सांगतो. चार-पाच वेळा करून बघितलाय, पाहुण्यांनाही हाच देतो.

शनिवारी सकाळी नवी दिल्लीहून कालका शताब्दी पकडायची, पावणेआठच्या आसपास सुटते आणि पावणेबाराच्या सुमारास कालक्याला पोचते. तिथेच बाजूच्या प्लॅटफॉर्मवर छोटी गाडी उभी असते, शिमल्याला जाणारी, ती बाराच्या थोडी नंतर निघते. मध्ये वेळ कमी असतो त्यामुळे शताब्दीतून उतरल्यावर इकडेतिकडे न बघता सरळ तिकडे जा. वेळापत्रक बदलत असतं, तिकीट काढताना एकदा तपासून घ्या, पण ही जोडी बरीच वर्षं अशीच आहे. दोन्ही तिकिटं आयआरसीटीसीवर मिळतात, बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि छोट्या गाडीच्या सीट फार कमी असतात, त्यामुळे आधी छोटी गाडी बुक करा आणि मग शताब्दी. लोक उलटं करतात आणि मग टॅक्सीने जावं लागतं.

या गाडीबद्दल दोन गोष्टी माहीत असल्या की मजा वेगळी येते. कालका-शिमला लाइन १९०३ साली सुरू झाली, ९६ किलोमीटर, १०२ बोगदे, आठशेच्या वर पूल, आणि २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. आपली माथेरानची गाडी १९०७ ची, तिचे रूळ दोन फुटांचे, इथले अडीच फुटांचे, म्हणजे बहिणीच म्हणा ना. माथेरानला गेलेल्या माणसाला पहिल्या वळणावरच घरी आल्यासारखं वाटतं, फक्त लाल मातीच्या जागी चिडाची, म्हणजे पाइनची झाडं.

सगळे सांगतात शिमल्यापर्यंत जा. मी म्हणतो बडोगला उतरा. कालक्यापासून ४२-४३ किलोमीटर, दोन-अडीच तास. शिमल्यापर्यंत पाच तासांच्या वर लागतात आणि लहान मुलं असतील तर शेवटचे दोन तास कंटाळतात, शिवाय परत येण्याचा प्रश्न उभा राहतोच. बडोग इंग्रजीत लिहिलेलं बघून आपण बरोग म्हणतो, तिकडची माणसं बडोग म्हणतात. स्टेशनच्या अगदी तोंडाशी या लाइनचा सर्वात लांब बोगदा आहे, ३३ नंबरचा, ११४३ मीटर, पूर्ण सरळ. आत शिरलं की डबा गार होतो, पोरं ओरडतात, अडीच-तीन मिनिटं अंधार, आणि बाहेर पडल्या पडल्या स्टेशन. कर्नल बडोग नावाच्या इंजिनिअरने इथे दोन्ही बाजूंनी खोदायला घेतलं, टोकं जुळली नाहीत, सरकारने १ रुपया दंड केला आणि त्या अपमानाने त्याने जीव दिला असं सांगतात. मग जवळच्याच गावातल्या भलकू नावाच्या माणसाने काठीने डोंगर ठोकत नवी जागा दाखवली असंही सांगतात. काठीची गोष्ट किती खरी ते बाजूला ठेवा, पण शिमल्याच्या रेल्वे म्युझियमला त्या भलकूबाबांचं नाव दिलंय, शाळा न शिकलेल्या पहाडी माणसाचं नाव असं लागलंय हे मला फार आवडतं.

बडोगला गाडी थोडा वेळ थांबते, सगळे कटलेट आणि चहासाठी उतरतात. तुम्ही कटलेट घ्या पण एक डोळा इंजिनाकडे ठेवा. अजून इथे टोकनवर गाड्या चालतात, म्हणजे स्टेशन मास्तरच्या खोलीत एक लाल जुनं लोखंडी यंत्र असतं, त्यातून एक धातूचा गोळा निघतो, तो चामड्याच्या पिशवीत घालून मोठ्या कडीला अडकवून ड्रायव्हरच्या हातात देतात, आणि तो गोळा हातात असल्याशिवाय पुढच्या लाइनवर गाडी जाऊच शकत नाही. दोन स्टेशनांमधल्या लाइनीसाठी एका वेळी एकच गोळा बाहेर, म्हणून समोरासमोर गाड्या येत नाहीत. माझी मुलगी सहा वर्षांची असताना हे बघून इतकी खूश झाली की घरी आल्यावर बांगडीला मोजा बांधून आठवडाभर टोकन टोकन खेळत होती.

टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवून बडोगला बोलवा, स्टेशन हायवेच्या बरंच खाली आहे आणि वर येणारा रस्ता चढाचा आहे, सामान घेऊन चालायला नको. मुक्कामाच्या मालकाला फोन केला तर तो कोणाला तरी पाठवतोच.

तिथून कसौलीला जाताना वाटेत कुमारहट्टीहून डगशाईला वळा. फार कोणी वळत नाही आणि म्हणूनच वळा. डगशाई म्हणजे छोटीशी लष्करी छावणी, एक बाजार, दगडी चर्च, आणि १८४९ चा तुरुंग जिथे आता म्युझियम आहे. १९२० मध्ये आयर्लंडमध्ये ब्रिटिश सैन्य जे करत होतं त्याच्या निषेधात इथल्या कॉनॉट रेंजर्स पलटणीतल्या आयरिश सैनिकांनी हत्यारं खाली ठेवली, जालंधर आणि सोलनला, आणि त्यांच्यातल्या जेम्स डेली या तरुण शिपायाला २ नोव्हेंबर १९२० ला याच तुरुंगात गोळ्या घातल्या. गांधीजी या कैद्यांसाठी इथे येऊन राहिले होते असं तिथे सांगतात, ती कोठडीही दाखवतात. एकांतवासाच्या कोठडीत एक मिनिट दार ओढून उभे राहून बघा, उजेड कुठून येतो तेच कळत नाही. मुलं घाबरतील तर त्यांना बाहेर ठेवा. संध्याकाळी बंद होतं, त्यामुळे बडोगहून रेंगाळत निघू नका.

राहायचं कुठे हा भाग नीट वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात. कसौली ही छावणी आहे, कँटोन्मेंट, त्यामुळे गावात नवीन बांधकाम फारसं होत नाही आणि हॉटेलं मोजकी. बाकीची सगळी गडखळ, सनावर, धरमपूर रोड, किंवा आणखी कुठल्या कुठल्या डोंगरावर, पण ॲपवर सगळ्यांच्या नावात कसौली असतंच. मी एकदा असंच स्वस्त मिळालं म्हणून घेतलं तर ते गावापासून चौदा किलोमीटर निघालं, शेवटचे दोन किलोमीटर कच्चा रस्ता, बाबांना गुडघ्याचा त्रास, आणि जेवायला त्यांच्याच किचनमध्ये जे असेल ते. म्हणून बुक करायच्या आधी मॅप उघडा आणि हॉटेलपासून कसौलीच्या क्राइस्ट चर्चपर्यंत किती अंतर पडतं ते बघा, दोन-तीन किलोमीटरच्या आत असेल तरच घ्या. मालकाला फोन करून चार गोष्टी विचारा: गाडी दारापर्यंत येते का, गिझर चोवीस तास आहे का, हीटरचे वेगळे पैसे आहेत का, आणि पायऱ्या किती. पायऱ्या जरूर विचारा, डोंगरात ग्राउंड फ्लोअर म्हणजे रस्त्याच्या चाळीस पायऱ्या खाली असू शकतो.

रविवार दुपारपर्यंत पूर्ण कसौलीला द्या. सकाळी सहा-साडेसहाला उठा, खरंच उठा, नऊनंतर चंदीगडच्या गाड्या यायला लागतात आणि मग ती शांतता राहत नाही. गिल्बर्ट ट्रेलवर जा, पायवाट आहे, सोपी आहे, पण चिडाच्या सुया पडून निसरडी होते तेव्हा चपला-सँडल नकोत. एक पडलेली सुई उचलून बघा, तीन-तीनचा जुडगा असतो, वीतभर लांब, आणि चुरगळली की हाताला राळेचा वास दिवसभर राहतो. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर बुरांशची लाल फुलं दिसतील, सरबतही मिळतं, आमसुलाच्या सरबताची सवय असलेल्यांना आवडेल.

नंतर मंकी पॉइंट. हा सर्वात उंच भाग, हवाई दलाच्या हद्दीत आहे, ओळखपत्र लागतं, मोबाइल कॅमेरा आत नेता येत नाही, आणि वर हनुमानाचं देऊळ. संजीवनी नेताना हनुमानाचा पाय इथे टेकला अशी श्रद्धा आहे. शेवटचा चढ चांगला दमवतो पण वरून एका बाजूला पंजाबचं सपाट मैदान चंदीगडपर्यंत आणि दुसरीकडे डोंगरामागे डोंगर दिसतात, हिमालय सुरू कुठे होतो ते डोळ्यांना कळतं. फोटो काढता येत नाही हे मला तर बरंच वाटतं, लोक नुसते उभे राहून बघतात. त्या दिवशी उघडं आहे का ते सकाळीच हॉटेलवर विचारा.

खाली आल्यावर मॉल रोडवर बन समोसा खा. नावाप्रमाणेच, गरम समोसा बनमध्ये दाबून वर चटण्या, आपल्या वडापावचा पंजाबी मावसभाऊ. १८५३ चं क्राइस्ट चर्च बघा, दहा मिनिटं पुरतात. आणि जाता जाता सेंट्रल रिसर्च इन्स्टिट्यूटच्या पाटीसमोर जरा थांबा, १९०५ सालची संस्था आहे, आणि आपल्या लहानपणी कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं म्हणून जी भीती घालायचे ना, ती लस इथे कसौलीलाच डेव्हिड सेम्पलने तयार केलेली.

केव्हा जायचं? ऑक्टोबर-नोव्हेंबर, डोळे झाकून. पावसाने हवा धुतलेली असते आणि लांबचं दिसतं. मार्च-एप्रिल दुसरा नंबर. मे-जूनमध्ये गर्दी आणि चिडाच्या जंगलात वणवे, धुरामुळे काही दिसत नाही. जुलै-ऑगस्ट मात्र टाळाच. ऑगस्ट २०२३ मध्ये परवाणू-सोलन हायवे चक्की मोडपाशी खचून बंद पडला होता आणि शिमल्याजवळ समरहिलला रेल्वेचे रूळ खालची माती वाहून गेल्याने अक्षरशः हवेत लटकत होते. दोन दिवसांच्या सुट्टीत अडकलात तर सोमवारचं ऑफिस गेलंच. डिसेंबर-जानेवारीत बर्फ पडेल या आशेने जाऊ नका, पडला तर नशीब, शिवाय दिल्लीच्या धुक्यात गाड्या लेट होतात.

सामान कमी न्या. एक जाड जॅकेट, कानटोपी, पकड असलेले बूट, थोडी कॅश कारण डोंगरात नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं. या उंचीवर विरळ हवेचा त्रास होत नाही, पण वळणांनी गाडी लागते, ज्यांना लागते त्यांनी आलेपाक जवळ ठेवा, रिकाम्या पोटी बसू नका आणि टॅक्सीत पुढे बसा. आणि माकडं. खाण्याची पिशवी हातात लटकवत चाललात तर ती तुमची राहत नाही, सगळं बॅगेत.

पुण्या-मुंबईहून थेट येणाऱ्यांनी दिल्लीला न येता शुक्रवारी संध्याकाळी चंदीगडचं विमान घ्यावं, रात्री तिथेच राहावं आणि शनिवारी निवांत टॅक्सीने कालका गाठावं, तीसेक किलोमीटर आहे. कोणाला छोट्या गाडीचं तिकीट नाहीच मिळालं तर चंदीगडच्या सेक्टर ४३ च्या बस अड्ड्यावरून हिमाचलच्या सरकारी बस आहेत, कसौलीपर्यंत साठेक किलोमीटर, खिडकीची सीट धरा.

परतीला दिल्लीवाल्यांनी रविवारी दुपारी तीनच्या आत कसौली सोडायचं म्हणजे सोडायचं, कालक्यापर्यंत अंतर पस्तीसेक किलोमीटरच आहे पण रविवारी सगळं चंदीगड एकदम खाली उतरत असतं. संध्याकाळची शताब्दी कालक्याहून पावणेसहाच्या आसपास सुटते आणि दहाच्या सुमारास नवी दिल्ली. अजमेरी गेटच्या बाजूने बाहेर पडा, मेट्रो त्याच बाजूला आहे आणि त्या वेळेला अजून चालू असते.