रुबिडियमचा आयसोटोप रेशो लेझरने कसा मोजायचा (सांगलीच्या उन्हाळ्यासकट)

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मास स्पेक्ट्रोमीटर कुठून आणायचा म्हणून अडून बसू नका, धातूच्या आयसोटोपचा (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) रेशो लेझरच्या शोषणातून पण निघतो. सुरुवात रुबिडियमनेच करा, त्याचे आयसोटोप दोनच, ८५ आणि ८७. ७८० नॅनोमीटरचा डायोड मिळतो (सीडी प्लेअरमध्ये हीच वेव्हलेंथ असायची) आणि सीलबंद व्हेपर सेल (रुबिडियमची वाफ भरलेली काचेची नळी) गरम न करता चालते. डीएफबी डायोड (एकाच वेव्हलेंथवर टिकून राहणारा) असेल तर डोक्याला ताप कमी.

जोडणी साधी. लेझर, फिल्टर, सेल, फोटोडायोड, स्कोप. पॉवर मायक्रोवॅटमध्येच ठेवा, कारण सॅच्युरेशन १.६ मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास येतं आणि त्याच्या बऱ्याच खाली असतानाच अणू एका लेव्हलमधून दुसरीत ढकलले जायला लागतात, मग डिप (शोषणामुळं सिग्नलमध्ये पडणारा खड्डा) खोटी. आणि ७८० डोळ्याला जेमतेम दिसतो म्हणून मंद समजू नका, गॉगल घालाच.

लेझरच्या करंटला ट्रँगल वेव्ह दिली की वेव्हलेंथ पुढं-मागं सरकते आणि चार डिप दिसतात. सगळ्यात खोल ती ८५ ची, तिला १.२ गिगाहर्ट्झवर ८७ ची एक चिकटलेली असते, आणि डॉपलरची रुंदीच (अणूंच्या धावपळीमुळं डिप पसरते ती) अर्धा गिगाहर्ट्झ, त्यामुळं दोघींचे पाय एकमेकांत. त्या सोडा. पलीकडच्या दोघी घ्या, ८५ ची मधली आणि ८७ ची सगळ्यात उथळ, मध्ये अडीच गिगाहर्ट्झ मोकळं रान.

आता खरी गोम. डिपची खोली भागायची नाही! आधी लेझर झाकून येणारं डार्क रीडिंग वजा करा. करंटबरोबर पॉवर पण चढते म्हणून बेसलाइन तिरकी असते, ती डिपच्या बाहेरच्या भागावरून फिट करा, मग प्रत्येक पॉइंटला बेसलाइन भागिले सिग्नल, त्याचा नॅचरल लॉग, आणि त्याखालचं क्षेत्रफळ. एक्स अक्ष पण सरळ नसतो, तो १० सेंटीमीटरच्या एटॅलॉनने (समोरासमोर दोन आरसे, मध्ये हवा) बसवा, दर १.५ गिगाहर्ट्झला एक पीक येतं.

८५ चं क्षेत्रफळ भागिले ८७ चं केलं की २.८८ च्या आसपास यायला पाहिजे, त्याला ०.९ ने गुणा. का, तर ८५ च्या अणूंच्या खालच्या १२ उपपातळ्यांपैकी ५ च या डिपमध्ये येतात आणि ८७ च्या ८ पैकी ३. उत्तर २.५९, म्हणजे निसर्गातलं ७२.१७ आणि २७.८३.

एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या लॅबमध्ये रीडिंग सकाळीच उरका. तापमान दहा डिग्रीने वाढलं की वाफ अडीच-तीन पट होते, डिपचा तळ सपाट व्हायला लागतो आणि लॉग तिथं कामाचा राहत नाही. दुपार पण वाया घालवू नका राव, सेल मुद्दाम अजून तापवा, सगळ्यात खोल डिप तळाला टेकली तरी सिग्नल शून्यावर येत नसेल तर उरलेला तेवढा प्रकाश लेझरच्या भलत्याच मोडचा (दुसऱ्याच वेव्हलेंथचा, जो रुबिडियम शोषत नाही), सकाळच्या रीडिंगमधून वजा करा. हे बरेच जण करत नाहीत आणि मग रेशो कमी का येतो म्हणून डोकं खाजवत बसतात.

लिथियमचा मोह होईल, ६७१ नॅनोमीटर, मस्त लाल, डोळ्याला दिसतो. पण त्याच्या शोषणाच्या जवळजवळच्या दोन लाइन असतात, डी-१ आणि डी-२, आणि लिथियम-६ ची डी-२ लिथियम-७ च्या डी-१ वरच जाऊन बसते, आणि तापलेला लिथियम काच खातो, त्यामुळं काचेच्या सेलऐवजी स्टीलची हीट पाइप (तापवायची नळी) करून घ्यावी लागते.