या चुका टाळा: धूर्त ड्रॅगन चालवताना डीएमच्या हातून काय निसटतं

गणपतीत चाकरमानी गावी आले की मालवणात आमच्या पडवीवर डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळाचा, डाव बसतो. खेळाडू पाच, डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा) मी. तीन गणपतींत मी तीन काळे ड्रॅगन चालवले. पहिले दोन फुकट गेले आणि दोन्ही वेळा कारणं अगदी उलट होती.

पहिला दोन फेऱ्यांत मेला. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांत प्रौढ काळ्या ड्रॅगनचे हिट पॉइंट (किती मार सोसतो) १९५ आणि आर्मर क्लास (वार लागायला किती कठीण) १९. वाचताना भक्कम वाटतं. पण अकराव्या लेव्हलचे पाच जण एका फेरीत पाच पाळ्या खेळतात आणि ड्रॅगनची स्वतःची पाळी एकच. मी त्याला गुहेच्या मधोमध खजिन्यावर बसवून ठेवला होता. हवेत ८० फूट जाणारा, पाण्याखाली श्वास घेणारा, ६० फुटांवर आम्लाचा झोत सोडणारा प्राणी जमिनीवर उभा राहून तलवारी झेलत होता. चिपळूणला वाशिष्ठीत मगरी आहेत. मगर रस्त्यावर येऊन कुणाशी झुंजत नाही, पाण्यात दबा धरून काठावर पाय पडायची वाट बघते. काळा ड्रॅगन तसाच चालवावा. आपल्या गुहेत तो दर फेरीला इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम) २० वर पाण्याकरवी काठावरच्याला आत ओढू शकतो, काळोख पाडू शकतो किंवा किड्यांचा थवा उठवू शकतो. मी यातलं काहीच वापरलं नव्हतं. लेजेंडरी ॲक्शन, म्हणजे ड्रॅगनच्या पाळीबाहेरच्या जादा चाली, त्याही विसरलो होतो. त्या तीन असतात आणि दुसऱ्याची पाळी संपली की एकेक वापरायची. आता समोर तीन चिंचोके ठेवतो, वापरला की बाजूला सारतो, ड्रॅगनची पाळी आली की परत घेतो. तेव्हापासून एकदाही विसरलो नाही.

दुसऱ्या वर्षीची चूक मोठी, आणि बहुतेक डीएम इथेच अडकतात असं मला वाटतं. पार्टीने, म्हणजे खेळाडूंच्या टोळीने, माझ्यासमोर बसून तासभर बेत आखला: दोघं होडीतून आवाज करत जातील, तिघं मागच्या कड्यावरून उतरतील. ड्रॅगन नेमका कड्यावर टपून बसलेला. मला वाटलं, हीच धूर्तता. माझ्या मावसबहिणीने फासे खाली ठेवले आणि विचारलं, ‘तुका कळला म्हणान ड्रॅगनाक कसा कळला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डीएमला सगळं ऐकू येतं, राक्षसाला नाही. त्याला बातमी हवी असेल तर ती आणणारा कुणीतरी जगात असायला हवा, आणि तो खेळाडूंच्या हाती लागण्याजोगा हवा. तिसऱ्या वर्षी मी खाडीवर लोकांना पलीकडे नेणारी होडी चालवणारा एक म्हातारा ठेवला. पार्टी त्याच्याच होडीतून पलीकडे जाई, होडीतच बोलत बसे, आणि तो भाडं मात्र कधी घेत नसे. दुसऱ्या सेशनला एकाच्या ते लक्षात आलं. पुढच्या वेळी त्यांनी मुद्दाम खोटा दिवस त्याच्या कानावर घातला आणि ड्रॅगन फसला. मी त्याला फसू दिला, कारण त्याला जे कळलं होतं त्यावरूनच तो वागत होता.

खुणा आधी पेरा. काळ्या ड्रॅगनच्या मुक्कामापासून मैलभरातलं पाणी नासतं, सहा मैलांपर्यंत धुकं राहतं, हे नियमांतच आहे. मी गावातल्या विहिरीपासून सुरुवात केली. आमच्याकडे उन्हाळ्यात किनाऱ्याजवळच्या विहिरीला मचूळ पाणी लागतं, म्हणून आधी सगळ्यांनी खाडीला दोष दिला. मग कुणीतरी विचारलं, ‘पण आता तर पाऊस आहे ना?’ पडवी एकदम शांत झाली. तो क्षण कुठल्याही झोतापेक्षा मोठा होता.

झोताचंही सांगतो. तो सहा बाजूंच्या फाशावर ५ किंवा ६ पडल्यावर परत मिळतो, म्हणजे दर पाळीला तीनात एक शक्यता. त्यामुळे काही डीएम ड्रॅगनला वरच घिरट्या घालायला लावतात, झोत मिळाला की खाली येतात, परत वर. तलवारीने जवळून लढणारे खेळाडू नुसते बसून राहतात. ज्यासाठी खाली यावंच लागेल असं काहीतरी त्याला द्या. माझ्या ड्रॅगनचा खजिना जांभ्याच्या गुहेत होता आणि ओहोटीला तिचं तोंड उघडं पडे. भरती संपून ओहोटी पुरी व्हायला सहा तासांहून थोडं जास्त लागतं, आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मच्छीमारांच्या घरातल्या खेळाडूने हे तोंडी मोजून टाकलं. उधाणाचा दिवस धरला, कारण तेव्हा पाणी सर्वात खाली जातं. तेवढ्या वेळात ड्रॅगनला खजिना राखायला उतरावंच लागलं.

लेजेंडरी रेझिस्टन्सवरून, म्हणजे लागलेला मंत्र झटकून टाकायच्या ड्रॅगनच्या ताकदीवरून, रुसवे होतात. जादूगाराचा मंत्र लागला आणि डीएम नुसतं ‘वाचला’ म्हणाला की पाळी वाया गेल्यासारखी वाटते. दिवसाला तीनच असतात, तेव्हा प्रत्येक खर्च दिसू द्या. माझ्या ड्रॅगनच्या शिंगाचा एकेक तुकडा गळून पडे. दुसरा पडल्यावर जादूगाराने मोठा मंत्र राखून ठेवला.

पळून जाण्याचंही आधी ठरवा, लढाईच्या मध्यात नाही. हिट पॉइंट ७० वर आले की पळायचं, असं मी धरलं होतं. वाटही एक होती, आणि ती सापडण्याजोगी. १६६४ साली बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाचा दरवाजा तटाच्या वळणात असा दडवलाय की समुद्रावरून कुठे आहे ते कळत नाही, पण जवळ गेलं की सापडतो. गुहेची दुसरी वाट मी तशीच ठेवली.

हे सगळं, म्हणजे ड्रॅगनला काय माहीत आहे, काय हवंय, कधी पळेल, सेशनआधी कागदावर लिहून घडी घालून फाशांच्या डब्याखाली ठेवतो. लढाई संपली की कागद खेळाडूंच्या हातात देतो. यंदा तो मावसबहिणीने पहिला उचलला, दोनदा वाचला, आणि होडीवाल्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं ते विचारलं.