गाडीचा भाव करताना आकडे सुटे करून घ्या

शोरूममध्ये ‘ऑन-रोड (कर, विमा सगळं धरून) किती?’ एवढंच विचारू नका. एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, विमा, फास्टॅग, अ‍ॅक्सेसरीज असं सगळं वेगवेगळं लिहून मागा. एक्स-शोरूममध्ये जीएसटी आलेलाच असतो आणि एमएच-15 (नाशिक) पासिंगचा, म्हणजे नोंदणीचा, रोड टॅक्स सरकारी, त्यावर घासाघीस नाही. खरी गंमत विम्यात. नव्या कारला 3 वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) विमा सक्तीचा आहे, पण तो डीलरकडूनच घ्या असं कुठलाही नियम सांगत नाही. बाहेरचं कोटेशन समोर ठेवलं की काउंटरवरचा आकडा बऱ्याचदा आपोआप उतरतो. ‘हँडलिंग चार्जेस’ दिसले तर सरळ खोडायला लावा. 10 लाखांवरच्या गाडीवर 1 टक्का टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून आधीच घ्यायचा आयकर) लागतो. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, त्यावरून भांडू नका.

नाशिकच्या डीलरकडे जाण्याआधी त्याच मॉडेलचं पुण्याचं किंवा ठाण्याचं कोटेशन खिशात असू द्या. पाडव्याला, दसऱ्याला गर्दीत कोण ऐकून घेणार? रामकुंडावर गर्दी आणि शोरूममध्ये शुकशुकाट, तो पितृपक्ष बोलणीला उत्तम. घरच्यांचं मन राखायला डिलिव्हरी घटस्थापनेला घ्या. डिसेंबरात सूट मोठी मिळते, फक्त फॉर्म 22 वर (गाडी बनवणाऱ्या कंपनीचा दाखला) उत्पादनाचा महिना बघा.