प्रकाशजन्य स्पिन प्रवाह मोजताना या चुका टाळा

लेसर पाडल्याबरोबर लॉक-इन अॅम्प्लिफायरवर (गोंगाटातून बारीक संकेत वेगळा काढणाऱ्या यंत्रावर) काही नॅनोअँपिअर दिसले, की वहीत ‘स्पिन प्रवाह मिळाला’ अशी नोंद होते; म्हणजे ठरावीक स्पिनच्या (अंगभूत चुंबकीय दिशेच्या) इलेक्ट्रॉनांचा प्रवाह. गॅलियम आर्सेनाइडच्या क्वांटम वेलवर (इलेक्ट्रॉन ज्यात अडकून राहतात अशा अतिपातळ थरावर) काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांची ही नेहमीची घाई आहे. तो आकडा बहुतेकदा धातूच्या जोडाचा असतो. लेसरचा ठिपका इंडियमच्या जोडाला किंचितही शिवला, तर तेथील अडथळ्यामुळे आणि तापण्यामुळे प्रवाह निर्माण होतो व त्याला प्रकाशाच्या ध्रुवीकरणाशी देणेघेणे नसते. म्हणून ठिपका दोन्ही जोडांपासून दूर, नमुन्याच्या मध्यावर ठेवावा आणि क्वार्टर-वेव्ह प्लेट (सरळ ध्रुवीकृत प्रकाश वर्तुळाकार करणारी पट्टी) फिरवून पाहावे. प्लेट 45 अंशांवरून 135 अंशांवर नेली की वर्तुळाकार ध्रुवीकरणाची दिशा उलटते; तेव्हा प्रवाहाचा जो भाग चिन्ह बदलतो, तेवढाच आपल्या कामाचा. प्लेट लेसरच्या तरंगलांबीसाठीच बनवलेली आहे ना, हेही तपासावे. 780 नॅनोमीटरची प्लेट 870 ला पूर्ण वर्तुळाकार ध्रुवीकरण देत नाही.

दुसरी चूक सममितीची आहे. (001) दिशेने, म्हणजे स्फटिकाच्या एका मुख्य अक्षाच्या दिशेने, वाढवलेल्या वेलवर प्रकाश सरळ लंब पाडला, तर ध्रुवीकरणाबरोबर चिन्ह बदलणारा हा प्रवाह सममितीमुळेच शून्य होतो. मग अॅम्प्लिफायरला दोष देत बसण्यात अर्थ नसतो. नमुना तिरका करावा, मात्र बाहेर 45 अंश ठेवले तरी गॅलियम आर्सेनाइडचा अपवर्तनांक सुमारे 3.6 असल्याने आत जेमतेम 11 अंशच उरतात, त्यामुळे संकेत बारीकच असणार. आपतन प्रतल (येणारा किरण आणि पृष्ठभागाचा लंब ज्यात असतात ते) स्फटिकाच्या [110] दिशेत असेल तर प्रवाह त्या प्रतलाला लंब वाहतो. जोड प्रतलातच बसवले असतील तर तो हाती लागत नाही. नमुना उलट्या बाजूला तितकाच कलवल्यावर चिन्ह उलटले पाहिजे, ही माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण आहे.

तिसरी चूक तापमान न नोंदवण्याची. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांपुढे जातो आणि वीज गेली की वातानुकूलनही बंद पडते. खोली 10 अंशांनी तापली, तर पट्टाफट (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे साडेचार मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टने कमी होते, म्हणजे शोषणाची कड (ज्या तरंगलांबीपर्यंत प्रकाश शोषला जातो ती) जवळजवळ 3 नॅनोमीटर सरकते. सकाळच्या आणि दुपारच्या मोजमापांची तुलना करताना नमुन्याचे तापमान नोंदवलेले असावे.

राहता राहिला शुद्ध स्पिन प्रवाह. त्यात विरुद्ध स्पिनचे इलेक्ट्रॉन विरुद्ध दिशांना सारख्याच संख्येने जात असल्याने एकूण विद्युतप्रवाह शून्य असतो, अॅमीटर कितीही संवेदनशील घेतला तरी. तो पाहायचा असेल तर केर परिभ्रमणाने (परावर्तित प्रकाशाचे ध्रुवीकरण स्पिनमुळे किती फिरले ते मोजून) ठिपक्याच्या दोन्ही कडांवरील स्पिन तपासावे लागते.