इंदूरला बीसीए-एमसीएसाठी येणाऱ्या आपल्या मुलांना

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडची बरीच मुलं हल्ली कॉम्प्युटर शिकायला, म्हणजे बीसीए ही पदवी आणि एमसीए ही पदव्युत्तर पदवी करायला, पुण्याऐवजी इंदूरला येतात. मीही जळगावची. एमसीएला इथे आले, मग इथेच ठोक व्यापाऱ्यांच्या हिशेबाची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत लागले आणि घरही इथेच झालं. ओळखीच्यांचे फोन येतात तेव्हा जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

आधी प्रवेशाचं. देवी अहिल्या विद्यापीठाचे कॉम्प्युटरचे स्वतःचे विभाग खंडवा रोडवरच्या तक्षशिला परिसरात आहेत: आयआयपीएस आणि स्कूल ऑफ कॉम्प्युटर सायन्स. तिथे यायचं तर सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि तिचा फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आसपासच भरून संपतो. निकाल लागल्यावर जागे झालात तर वर्ष गेलं. खासगी कॉलेजात बीसीए करणार असाल तर त्याला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता आहे का ते बघा. 2024-25 पासून बीसीए त्यांच्या कक्षेत आलं आहे. पुढे एमसीए करायचं मनात असेल तर गणित सोडू नका. एमसीए आता दोनच वर्षांचं आहे, पण भोपाळच्या मॅनिटसारख्या एनआयटीत जायला लागणाऱ्या निमसेट या एमसीएच्या प्रवेशपरीक्षेत गणिताचाच भार मोठा असतो.

कागदपत्रांत एलसीसोबत (शाळा सोडल्याचा दाखला) बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणाच. नाहीतर त्यासाठी नंतर परत गावी पळावं लागतं. फॉर्ममध्ये ‘समग्र आयडी’ दिसला की घाबरू नका, तो मध्य प्रदेशातल्या कुटुंबांचा असतो. ‘मूल निवासी’ (इथले कायमचे रहिवासी) समोर ‘नाही’ हेच लिहा. आपल्याकडच्या जातप्रमाणपत्रावर इथल्या राज्याच्या कोट्यात आरक्षण मिळत नाही, तेव्हा खुल्या गटाचा कटऑफ धरूनच विचार करा. बारावीला बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्राची शिष्यवृत्ती आहे: पदवीला वर्षाला 12,000 रुपये. राज्य कुठलंही असो, ती मिळते. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करा.

राहायला बहुतेक जण भंवरकुआँ धरतात, कारण तक्षशिला जवळ. तिथे स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसची गर्दी, म्हणून मेस आणि खोल्या भरपूर, शांतता कमी. घरचं वातावरण हवं असेल तर लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगरकडे बघा. तिथे मराठी घरं आहेत आणि काकू-आजींच्या शब्दावर खोली मिळते. भाडेकरूची पोलीस पडताळणी घरमालकाकडून करून घ्या. ओला-सुका कचरा वेगळा ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, या शहराला त्याचं खरंच पडलेलं असतं.

आता खरं बोलायचं आहे ते अभ्यासाबद्दल. पुस्तकं इंग्रजीत, शिकवणं निम्मं हिंदीत, हे महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. मुलं अडकतात ती वेगळ्याच ठिकाणी. सगळं लक्ष जावा-पायथनवर आणि डेटाबेस, सिस्टीम ॲनालिसिस हे विषय ‘थिअरी’ म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी. नोकरीत नेमकं तेच लागतं. एखाद्या दुकानात, दवाखान्यात, गोदामात माहिती कुठे जन्मते, कोणाच्या हातातून जाते आणि कुठे चुकते, हे ज्याला दिसतं त्याला काम मिळतं. आणि हे बघायला इंदूरसारखी जागा नाही. सियागंजचा ठोक किराणा बाजार, क्लॉथ मार्केट, छावणीची धान्यमंडी: सगळं तुमच्या खोलीपासून एका बसच्या अंतरावर.

एकच उदाहरण घेते. सांगलीहून हळद सियागंजच्या व्यापाऱ्याकडे आली. विकणाऱ्याच्या जीएसटी क्रमांकाची सुरुवात 27 ने, म्हणजे महाराष्ट्र. घेणाऱ्याची 23 ने, म्हणजे मध्य प्रदेश. राज्य बदललं, म्हणून बिलावर 5 टक्के आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी. तीच हळद इथून जवळच्या महूच्या दुकानदाराला गेली की राज्यातलीच विक्री, म्हणून अडीच टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि अडीच टक्के एसजीएसटी (राज्याचा). म्हणजे दोन अंक बघून प्रोग्रॅमने कर ठरवायचा. सोपं वाटतं ना? आता पुढे बघा. या पंधरा अक्षरी क्रमांकात तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन असतो. एकाच माणसाची महाराष्ट्रात आणि इथे दुकानं असतील तर पॅन एक, जीएसटी क्रमांक दोन. मग तुमच्या टेबलात तो एक ग्राहक की दोन? आणि ज्या छोट्या दुकानदाराकडे जीएसटी क्रमांकच नाही, त्याची प्रायमरी की, म्हणजे टेबलातली प्रत्येक नोंद वेगळी ओळखायची खूण, काय धरणार? शेवटी स्वतःचा ग्राहक क्रमांक द्यावाच लागतो. तो नीट दिला नाही तर ‘लक्ष्मी किराना, महू’ आणि ‘लक्ष्मी किराणा स्टोअर्स महू’ अशी दोन खाती होतात. उधारी एकात लिहिली जाते, जमा दुसऱ्यात, आणि वसुलीला गेलेला माणूस भांडण करून परत येतो. संगणकशास्त्रज्ञ ई. एफ. कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं ते माहितीतली अशी दुबार नोंद आणि विसंगती टाळायलाही. हे मनात ठेवून नॉर्मलायझेशनचा (दुबार नोंद टाळायला टेबलं नीट विभागण्याचा) धडा वाचा, तो पाठ करावा लागणार नाही.

म्हणून कळकळीने सांगते, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत घेऊ नका आणि सीनियरचं ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ पुन्हा सादर करू नका. एक दुकान धरा. सकाळी माल उतरतो तेव्हा जाऊ नका. दुपारी मुनीमजी (हिशेबनीस) जरा मोकळे असतात. कोरं बिल मागा, रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही) कसा लिहितात ते बघा, माल परत आला तर काय करतात ते विचारा. इथली माणसं बोलकी आहेत, ‘भिया, सीखना है’ म्हटलं की चहा पाजून सांगतात. मात्र त्यांच्या ग्राहकांची खरी नावं आणि येणी-देणी कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर कधीही टाकू नका. नावं बदला, आकडे बदला, आणि तसं केल्याचं रिपोर्टमध्ये लिहा. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक बहुधा पहिल्यांदा हेच विचारतात की हा डेटा आला कुठून.